वजिरासमोरचे प्यादे



या कौटुंबिक पानावर हुंडा, व्यसन, मुलांचे शिक्षण, लग्नातला अवाढव्य खर्च अशा विषयांवर बरेच लिहून येते, आणि ते आलेच पाहिजे. आज आम्ही मात्र बुद्धिबळातल्या एका प्याद्याबद्दल लिहिणार आहोत. पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले तर काळ्याने काय करावे, एवढाच विषय. वाचून कुणी हसेल. या प्याद्यापायी आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही, हे आधी सांगितले म्हणजे हसू जरा आवरेल.

आमची धाकटी नववीत आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या बातम्या मोबाईलवर पाहून धाकटीने पट मागितला. आम्ही फुटपाथवरून प्लास्टिकचा पट आणून दिला आणि लहानपणी आम्हाला जेवढे येत होते तेवढे शिकवले. चार महिन्यांत ती आम्हाला हरवू लागली. मग शाळेतल्या बाईंनी तिचे नाव आंतरशालेय स्पर्धेत घातले. प्रवेश फी भरली, रविवारी सकाळी आम्ही दोघे बसने गेलो. पहिल्याच फेरीत तिच्या वाट्याला काळे मोहरे आले. पालकांना हॉलच्या दारापर्यंतच जाऊ देत होते. आम्ही दारातून पाहत होतो. पाऊण तासाची फेरी, आणि आमची मुलगी दहा मिनिटांत उठून बाहेर आली.

तो डाव तिने बसमध्ये आम्हाला बोटांवर सांगितला. समोरच्या मुलाने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. तिनेही तसेच टाकले. दोन्ही प्यादी समोरासमोर अडली. मग त्याने शेजारचे, वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे आणून खायला दिले. तिने खाल्ले. त्याने राजासमोरचे प्यादे एक घर सरकवले आणि वजिराला, उंटाला वाट करून घेतली. तिला वाटले, आपले खाल्लेले प्यादे आता जाणार. म्हणून त्याच्या पाठीशी घोड्यासमोरचे प्यादे दोन घरे पुढे लावले. त्याने कडेच्या प्याद्याने त्याला धक्का दिला. तिने आधाराला आणखी एक प्यादे लावले. प्याद्याला प्यादे झाले. आणि मग त्या मुलाने वजीर तिरपा दोन घरे पुढे आणून ठेवला. तेथून सरळ तिरप्या रेषेत कोपऱ्यातला तिचा हत्ती. मधे एकही मोहरा नाही, कारण मधली सगळी घरे तिच्याच प्याद्यांनी पुढे जाऊन रिकामी केलेली. हत्ती वाचवायला घोडा द्यावा लागला, आणि पुढे डावात काही उरले नाही. अवघ्या सहा चालींचे काम. हा सापळा शेकडो वर्षांचा जुना आहे आणि क्लासला जाणाऱ्या मुलांना तो पहिल्या महिन्यातच शिकवतात, हे आम्हाला नंतर कळले.

तिच्यासाठी घेतलेला वडापाव तसाच कागदात राहिला. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तुम्हीच सांगितलं होतं ना, मिळालेलं सोडायचं नाही म्हणून. मला नाही खेळायचं आता."

सांगितले होते, हे खरे. आणि ते आम्हालाही कुणीतरी सांगितले होते.

आमचे वडील, आप्पा, गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. संप लांबत गेला तसे चाळीतले बापे दिवसभर घरी. त्या दिवसांत आप्पांनी आम्हाला जिन्याच्या वळणावर खडूने पट आखून बुद्धिबळ शिकवले. मोहरे म्हणजे बाटल्यांची बुचे, बटणे आणि एक तुटका सोंगटीचा डबा. आप्पांचा खेळ देशी पद्धतीचा. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे. राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादे पलीकडे पोचले की ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा व्हायचे. डाव सावकाश चालायचा. आप्पा खेळताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मधली जागा सोडायची नाय. एकदा सोडली की कुणी परत देत नाय."

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आप्पांच्या रत्नागिरीकडच्या गावात बुद्धिबळ खेळले जाई ते खोताच्या ओटीवर. त्या ओटीवर आप्पांना चढता येत नव्हते. अंगणात लांब उभे राहून, माना खाली घालून बसलेल्या लोकांच्या पाठी तेवढ्या त्यांनी पाहिल्या होत्या. पट त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिला तो मुंबईत, गिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा जागेबद्दलचे त्यांचे बोलणे आम्ही पटापुरते कधीच घेतले नाही. आमच्या मुलीलाही ते तसेच, पटाबाहेरच्या जोरासकट, दिले.

असो. एका क्लासमध्ये चौकशी केली. महिन्याची फी ऐकून, पाणी पिऊन परत आलो. मग विहारातल्या मुलाची आठवण झाली. आमच्या वस्तीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी आहे. रविवारी वंदना झाल्यावर तो विहाराच्या व्हरांड्यात मुलांना गणित शिकवतो, आणि स्वतः कॉलेजच्या संघातून बुद्धिबळ खेळलेला आहे. त्याला गळ घातली. तो लगेच तयार झाला. तिची समजूत घालायला आईला मात्र चार दिवस लागले.

पहिल्याच रविवारी विहारातल्या एका ज्येष्ठ उपासकांनी हरकत घेतली. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, आठ घरांच्या आणि दहा घरांच्या पटावरचे खेळ वर्ज्य सांगितले आहेत, तर विहारात पट कसा मांडता, असा त्यांचा सवाल. सवाल अभ्यासाचा होता, म्हणून आम्ही सुत्त काढून वाचले. श्रमण म्हणवणारे काही लोक ज्या खेळांत वेळ घालवतात आणि भगवंत ज्यांपासून दूर राहतात, अशा खेळांची ती यादी आहे. घरसंसार करणाऱ्या उपासकांच्या मुलांना उद्देशून ती नाही. शिवाय आज आपण खेळतो ते बुद्धिबळ ज्या चतुरंगापासून आले, ते भगवंतांच्या नंतर हजारएक वर्षांनी दिसू लागते. ज्येष्ठांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग वंदनेनंतर खेळा, आधी नको." ते योग्यच होते.

आता त्या मुलाने शिकवलेला बचाव सांगतो. त्याचे नाव 'किंग्ज इंडियन डिफेन्स'. वजिरासमोरच्या प्याद्याला उत्तर देण्याचे अनेक मार्ग आहेत. समोर प्यादे अडवून त्याच्या पाठीशी दुसरे लावायचे, हा सर्वांत जुना आणि भक्कम. त्याने हाच का निवडला, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, हिला रोज शिकवायला कुणी नाही. यात पांढरा काहीही करो, काळ्याच्या पहिल्या चारपाच चाली बहुतेक त्याच राहतात. पाठांतर कमी. पुढे विचार मात्र जास्त करावा लागतो."

त्या चाली अशा. राजाकडचा घोडा बाहेर काढायचा. त्याच बाजूचे घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे. त्या मोकळ्या झालेल्या घरात उंट, म्हणजे तो कोपऱ्यातून पटाच्या लांब तिरप्या रेषेवर नजर ठेवतो. वजिरासमोरचे प्यादे एकच घर पुढे. मग कॅसलिंग, ज्याला जुनी मंडळी किल्लेकोट म्हणतात: राजा दोन घरे बाजूला, हत्ती त्याच्या पलीकडे. एवढ्या वेळात पांढरा काय करतो? तो उंटासमोरचे आणि राजासमोरचे प्यादेही दोन-दोन घरे पुढे आणतो. पटाच्या मध्यावर त्याची तीन प्यादी ओळीने उभी, आणि आपले तेथे एकही नाही.

आम्ही हे पाहिले आणि आमचे डोके फिरले. "हे कसले शिकवतोस? सगळी मधली जागा त्याला देऊन आपण कोपऱ्यात बसायचे?" तो शांतपणे म्हणाला, "काका, दिलेली नाही. त्याला घेऊ दिली आहे." आम्ही म्हणालो, शब्दांचा खेळ नको. "बरं, त्याने चौथे प्यादेही आणले तर?" त्याने ते चौथेही पुढे ठेवले. तीही एक प्रसिद्ध चढाई आहे म्हणे. मग त्याने पांढऱ्याच्या प्याद्यांमागची रिकामी घरे बोटाने दाखवली. "प्यादे हा एकच मोहरा असा आहे की तो मागे येत नाही. जितकी पुढे गेली तितकी त्यांची राखण करावी लागणार. आता काळ्याने बाजूने धक्का द्यायचा."

मुलीला पटले. आम्हाला पटले नाही. त्या रात्री घरी पट मांडून आम्ही पुन्हा तोच वाद काढला. मुलीची आई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. तिला बुद्धिबळातले घोडा सोडून काही ओळखता येत नाही. आम्ही तावातावाने म्हणालो, पांढरा मधे येऊन उभा राहतो आणि ही बाई राजाला कोपऱ्यात नेत बसते. ती मशीन न थांबवता म्हणाली, "नळावर भांडायला जायचं तर आधी कडेवरचं लेकरू घरात ठेवून यावं लागतं."

धाकटी इतकी हसली की आम्हालाही हसावे लागले. किल्लेकोटाचा अर्थ आम्ही त्यानंतर कुणाला याहून चांगला सांगू शकलो नाही.

पण लेकरू घरात ठेवून नळावर गेलेच नाही तर? ही या बचावातली खरी अडचण. राजा सुरक्षित झाल्यावर काळ्याला राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्याला धक्का द्यावाच लागतो. काही वेळा त्याऐवजी वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे टाकतात. हा धक्का दिला नाही, तर आपण खरोखरच कोपऱ्यात बसलेलो असतो आणि पांढरा सावकाश गळा आवळतो. पहिले दोन महिने आमची मुलगी इथेच चुकत होती. मोहरे सुरेख लावायची आणि धक्का द्यायची वेळ आली की एखादी निरुपद्रवी चाल करून थांबायची. कारण विचारले तर म्हणे, "ते प्यादे फुकट जाईल."

दिसते तसेच. पांढरा आपल्या प्याद्याने ते खातो, आपण वजिरासमोरच्या प्याद्याने परत खातो. पांढरा वजिराला वजीर देतो, आपण हत्तीने घेतो. आता मधे उभ्या आपल्या प्याद्याला पाठीराखा कुणी दिसत नाही आणि पांढऱ्याचा घोडा त्यावर नजर लावून आहे. तो ते खातोच. आमच्या डोळ्यांना तेथे डाव संपला. विद्यार्थ्याने मुलीला म्हटले, "तुझा उंट कुठे आहे?" उंट आपल्या कोपऱ्यात, आणि त्याच्या पुढ्यात आपलाच घोडा. ती पाच मिनिटे पाहत राहिली. मग तिने तो घोडा उचलला आणि पांढऱ्याचे राजासमोरचे प्यादे खाल्ले. घोडा हलला तशी उंटाची रेषा उघडली आणि तिच्या टोकाला पांढऱ्याचा घोडा. त्याने आपला घोडा मारला, आपण उंटाने त्याचा मारला. प्याद्याला प्यादे, घोड्याला घोडा. कुणी कुणाचे फुकट खाल्ले नाही. ती उडी मारून उभी राहिली. ज्या उंटाला ती इतके दिवस झोपलेला समजत होती, तो पहिल्यापासून प्याद्याची राखण करीत होता.

या बचावाच्या नावात 'इंडियन' का, असे तिने विचारले, आणि त्याच्या उत्तराने आम्ही मात्र सुन्न झालो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात कॉक्रेन नावाचा एक बॅरिस्टर होता, युरोपात नावाजलेला खेळाडू. त्याला बंगालच्या मुलखातले महेशचंद्र बॅनर्जी भेटले. दोघांनी शेकडो डाव मांडले. जास्त कॉक्रेननेच जिंकले, पण त्याने डाव लिहून ठेवले म्हणून आज ते वाचता येतात. बॅनर्जी काळ्याने खेळताना प्यादी एकेक घर सरकवीत आणि उंट कोपऱ्यात बसवीत. युरोपातल्या लोकांना हे विचित्र वाटे. देशी नियमात वाढलेल्या माणसाला ते विचित्र वाटण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्याकडे प्यादे एकच घर चालायचे! १९२० च्या दशकात युरोपातले नव्या विचाराचे खेळाडू असे डाव आवडीने खेळू लागले आणि 'इंडियन' हे नाव पक्के झाले.

बॅनर्जी हे आडनाव कोणत्या समाजातले, हे वाचकांना सांगायला नको. लिहून ठेवायला त्यांना कॉक्रेन भेटला. ओटीवर आणि ओटीखाली तसेच खेळणाऱ्या बाकीच्यांचे डाव कुणी लिहिले नाहीत. पण आम्ही सुन्न झालो ते वेगळ्या कारणाने. आम्हाला जिन्यातले ते वळण आठवले. आप्पांचे तेलकट बोट आठवले. मधली जागा सोडायची नाही, असे तोंडाने म्हणत आप्पा घोड्यासमोरचे प्यादे एक घर सरकवीत आणि मागे उंट ठेवीत. आम्ही हावरेपणाने मधे घुसायचो, आणि थोड्या वेळाने आमची मधली प्यादी एकेक करून पडायची. आप्पा बोलत एक होते आणि खेळत दुसरेच. आम्ही चाळीस वर्षे त्यांचे बोलणे लक्षात ठेवले आणि खेळ विसरलो. ते संपाच्या दिवसांतले बोलणे होते, एवढे आता समजते. विचारायला आप्पा नाहीत.

विद्यार्थ्याने आणखी एक नाव सांगितले ते धाकटीने वहीत लिहून ठेवले आहे. पंजाबातल्या सर उमर हयात खान या जमीनदाराने १९२९ साली आपल्या पदरच्या सुलतान खान यांना इंग्लंडला नेले. देशी नियमात वाढलेला हा माणूस त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला, पुन्हा १९३२ आणि १९३३ मध्ये जिंकला. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवले. गंमत म्हणजे त्या डावात वजिरासमोरचे प्यादे सुलतान खान यांचे होते आणि 'इंडियन' बचाव क्यूबाच्या कॅपाब्लांकाचा. १९३३ च्या अखेरीस धनी परत निघाले तसे हेही परतले आणि मोठ्या स्पर्धांतून नाहीसे झाले. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. ग्रँडमास्टर ही पदवी जागतिक संघटनेने त्यांना सन्मान म्हणून दिली ती २०२४ मध्ये. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांना अडाणी नोकर म्हणून रंगवले गेले. त्यांच्या नातीने अलीकडे त्याला जोरदार हरकत घेतली आहे. आपल्या माणसांचा इतिहास दुसऱ्याने लिहिला की काय होते, हे आपल्याला नवीन नाही. धाकटीने वहीत लिहिलेले नाव मात्र त्यांचे नाही. त्याच जमीनदाराच्या घरात कामाला असलेली फातिमा नावाची मुलगी १९३३ साली ब्रिटनमधील महिलांचे अजिंक्यपद जिंकून गेली, तिचे आहे.

आता या बचावाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आम्ही जाहिरात केल्यासारखे होईल. त्यात जागा कमी मिळते, हे खोटे नाही. मोहरे एकमेकांच्या पायात येतात. १९४० च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या बोलेस्लाव्हस्की आणि ब्रॉनस्टाईन यांनी दाखवून दिले की मधले एक प्यादे दुबळे राहिले तरी मोहऱ्यांची हालचाल मोकळी असेल तर काळा टिकतो आणि उलट मारतो. ब्रॉनस्टाईन यांचे १९५३ च्या झुरिच स्पर्धेवरचे पुस्तक विद्यार्थ्याला फाउंटनच्या फुटपाथवर मिळाले होते. इंग्रजी आहे, पण डाव आपल्यालाही कळतात. फिशर आणि कास्पारोव्ह यांनी हाच बचाव खेळून मोठमोठ्यांना लोळवले. त्याच कास्पारोव्हने १९९७ मध्ये क्रामनिककडून यात मार खाल्ल्यावर तो जवळजवळ सोडून दिला. एवढ्या मोठ्या माणसाने सोडला तर आपण का खेळायचा, असे आम्ही विचारले. विद्यार्थी म्हणाला, "काका, क्रामनिक आंतरशालेयला येत नाही."

आम्हाला सर्वांत अवघड गेला तो पुढचा भाग. काळ्याच्या धक्क्यानंतर बहुधा पांढरा खात नाही. आपले मधले प्यादे आणखी एक घर पुढे ढकलतो आणि मध्यभाग बंद होतो, भिंत घातल्यासारखा. मग दोघांची दोन वेगळी भांडणे सुरू होतात. आपल्या प्याद्यांची रांग ज्या दिशेला तोंड करून असेल, त्या दिशेला चढाई करायची, असा साधा नियम आहे. पांढऱ्याची रांग वजिराच्या बाजूला झुकलेली, म्हणून तो तिकडे प्यादी ढकलतो. काळ्याची रांग पांढऱ्याच्या राजाकडे, म्हणून काळा पुढचा घोडा बाजूला घेतो आणि उंटासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो, मग आणखी पुढे, मग त्याच्या जोडीला घोड्यासमोरचे. शर्यतच म्हणा. पांढरा बहुधा आधी पोचतो आणि प्यादी, हत्तीची वाट, काय काय मिळवतो. पण तो पोचतो तिथे आपला राजा नसतो. आपण उशिरा पोचतो, पण पोचतो तिथे त्याचा राजा असतो. म्हणून एक चाल वाया गेली तर सगळेच गेले.

पुढची स्पर्धा आली. तिसऱ्या फेरीत तिला काळे मोहरे आणि समोर वजिरासमोरचे प्यादे. आम्ही दारातच होतो. तिने घोडा काढला, प्यादे सरकवले, उंट बसवला. किल्लेकोट केला तेव्हा तिने एकदा दाराकडे पाहिले. मग राजासमोरचे प्यादे दोन घरे टाकले, न थांबता. मध्यभाग बंद झाला. तिची प्यादी उजवीकडून पांढऱ्याच्या राजावर चालून गेली, त्याची डावीकडून आत शिरली. पाऊण तासाची फेरी जवळजवळ पुरी झाली. शेवटी त्याचे प्यादे पलीकडे पोचून वजीर झाले आणि तिने हात पुढे केला.

हरली. पण बसमध्ये खिडकीशी बसून तिने वडापाव खाता खाता आमच्याशी भांडण काढले. तिने वजिराकडचा उंट, जो सगळा डाव आपल्या घरातच बसून होता, तो पांढऱ्याच्या घोड्याला देऊन टाकला होता. आम्ही म्हटले, ठीकच केलेस, नुसता बसून होता. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कळत नाही. तो घरातून थेट त्याच्या राजाच्या पुढच्या प्याद्यांवर बघत होता. शेवटी तोच पाहिजे होता, तोच नव्हता." आम्ही म्हटले, असेल. ती म्हणाली, "असेल नाही, आहे. बघा." पिशवीतून चुंबकाचा छोटा पट काढून तिने मांडीवर उघडला, काळे मोहरे आपल्याकडे फिरवले आणि म्हणाली, "चला, तुम्ही पांढरे."

बस खड्ड्यांतून चालली होती. आम्ही वजिरासमोरचे प्यादे उचलले आणि दोन घरे पुढे ठेवले.